ओमाहाची रंगीत तालीम

गेल्या उन्हाळ्यात व्हर्लिन कुबिचेक सहलीला जाताना पोटच्या पोराला पेट्रोल पंपावर विसरला, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सात वर्षांचा बॉइड सूर्यफुलाच्या बिया घ्यायला आत गेला आणि गाडी निघाली. अकरा मैलांवर त्याची मोठी बहीण टेसा म्हणाली, "पपा, आज कुणी माझ्या खोड्या काढत नाहीये." मागे फिरून पोचले तर बॉइड गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना "पिशवी हवी का" विचारत होता. पोराला काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते व्हर्लिनला झालं.

तो शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो. एकोणीस वर्षांत गावातलं एकही पोर मागे राहिलं नव्हतं, आणि राहिलं ते घरचंच. मी त्यांची शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली, त्यामुळे घरोघरचं मला कळतं. त्या वर्षी तो जेवताना मान खाली घालून जेवायचा, असं त्याची बायको जनेल मला सांगायची.

यंदा जानेवारीत, दाराशी गुडघाभर बर्फ असताना, त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओमाहा शहराचा नकाशा चिकटवला. तीन दिवस, दोन मुक्काम. प्राणिसंग्रहालय, मुलांचं म्युझियम, नदीवरचा पूल आणि आत पोहायचा तलाव असलेलं हॉटेल. एप्रिल उजाडेपर्यंत वेळापत्रक बावीस पानांवर गेलं. त्यात 'दहा दहा ते दहा वीस, लघवी, सर्वांनी' अशी ओळ होती.

"आणि कुणाला साडेदहाला लागली तर?" जनेलने विचारलं.

"दहा वीसला जाऊन आलेल्याला साडेदहाला कशी लागेल?"

"तुला मुलं किती दिवसांपासून आहेत रे?"

बॉइडचा प्रश्न वेगळा होता. "तलावाला किती वेळ आहे?"

"चाळीस मिनिटं."

"मग बाकीचं ओमाहा काढून टाकलं तर?"

जूनमध्ये व्हर्लिनने जाहीर केलं की आधी तालीम होणार. "नवीन रस्त्यावर बस घालायच्या आधी आपण रिकामी फिरवतोच ना? तसंच हे." घराचा वरचा मजला कुलूपबंद. कारण आपण ओमाहात आहोत, आणि घर दीडशे मैलांवर आहे. ट्रॅक्टरची शेड म्हणजे प्राणिसंग्रहालय. त्यासाठी माझ्या दोन शेळ्या आणि पलीकडच्या श्रोडरचा लामा, म्हणजे तो उंटासारख्या मानेचा लोकरीचा प्राणी, मागून आणला. गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी टाकी म्हणजे तलाव. तळघर म्हणजे हॉटेल, आणि तिथल्या नोंदणीच्या खिडकीवर जनेलचे वडील, एल्डन. मला पेट्रोल पंप मिळाला.

शुक्रवारी सकाळी आठला चौघं गाडीत बसले. गाडी अंगणातून इंचभरही हलली नाही, पण व्हर्लिनने स्टिअरिंग सोडलं नाही. वळणावर त्याने सिग्नलही दिला. जनेल पुस्तक वाचत होती. दर पंधरा मिनिटांनी तो आरशात बघून मोजायचा, "एक, दोन, तीन, आणि मी."

दहा दहाला ते माझ्या पंपावर उतरले, म्हणजे आमच्या झाडाखालच्या बाकापाशी. मी कोलाचे, म्हणजे मधे जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव, करून ठेवले होते. बॉइडने घराकडे बोट करून विचारलं, "बियांसाठी आत जाऊ?"

व्हर्लिनचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हणाले, "बिया संपल्यात बाळा. दुकानही संपलंय." मग त्याचा श्वास सुटला.

प्राणिसंग्रहालय ठीक झालं. लामा बसला तो उठलाच नाही, पण नियोजनात त्याला तेवीस मिनिटं होती, ती त्याने व्यवस्थित वापरली.

घोटाळा हॉटेलात झाला. एल्डननी आयुष्याची चौतीस वर्षं गाडीच्या परवान्याच्या सरकारी खिडकीवर काढलेली. सख्ख्या भावाला त्यांनी फोटोत डोळे मिटले म्हणून परत पाठवलं होतं. तळघराच्या दाराशी इस्त्रीचं टेबल मांडून ते वही उघडून बसले होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी व्हर्लिन."

"आडनाव आधी."

"कुबिचेक. चौघं, दोन रात्री."

एल्डननी पान उलटलं, चष्मा वर केला. "आपली नोंद उद्यापासून आहे."

व्हर्लिनने वही ओढून बघितली. त्याच्याच अक्षरात तारीख एका दिवसाने चुकली होती. बावीस पानांत एवढीच चूक, पण होती.

"बाबा, पुरे आता," जनेल म्हणाली. "मुलं दमलीत."

"बाई, कृपया रांगेत या."

"रांगेत मी एकटीच आहे."

"म्हणूनच लवकर नंबर लागेल."

व्हर्लिनने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "दुसरी खोली तरी द्या."

"खोली एकच. ती गेली."

"गेली म्हणजे? कुणाला?"

तेवढ्यात तळघरातून टॉवेल गुंडाळलेल्या बाई डोकावल्या. सत्तरीच्या, गोऱ्यापान, ओल्या केसांच्या. "माफ करा," त्या म्हणाल्या, "गरम पाण्याचा नळ डावीकडचा का?"

झालं होतं असं. बॉइडने पुठ्ठ्यावर 'हॉटेल, पोहायचा तलाव आहे' असं रंगवून पाटी फाटकाला टांगली होती. मिनेसोटाहून नातीच्या लग्नाला निघालेलं लिंडक्विस्ट जोडपं वाट चुकून आमच्या रस्त्याला लागलं, पाटी बघून आत वळलं, आणि एल्डननी त्यांची कागदपत्रं तपासून त्यांना किल्ली दिली.

"बाबा, तुम्ही खऱ्या माणसांना आत घेतलंत?" जनेल म्हणाली.

"त्यांच्याकडे ओळखपत्र होतं," एल्डन म्हणाले. "तुमच्याकडे आहे का?"

व्हर्लिन पायरीवर बसला. वर जायला कुलूप होतं, ते त्याचंच. कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती, पण त्याने ती काढली नाही. "घर दीडशे मैलांवर आहे," तो पुटपुटला. मला त्या क्षणी त्याची खरोखर काळजी वाटली. जनेल त्याच्या शेजारी बसली.

मुलं मात्र वाट बघत नव्हती. ती टाकीत उतरली होती. जुन्या घसरगुंडीवरून टेसा पाण्यात पडली तो आवाज श्रोडरच्या घरापर्यंत गेला, आणि श्रोडरची तिघं नातवंडं धावत आली. मग पोस्टातल्या बाईची दोघं. मग पोहायचा पोशाख घालून मिसेस लिंडक्विस्ट आल्या आणि "तलावाची वेळ कितीपर्यंत?" असं एल्डनना विचारून त्यांची परवानगी घेऊन टाकीत बसल्या. मिस्टर लिंडक्विस्ट काठावर बसून लामाला गवत देत राहिले.

व्हर्लिन सवयीने मोजायला उठला. एक, दोन, तीन. मोजता मोजता थांबला. परत मोजलं. आठ भरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"जास्त आहेत, लोरेटा," तो म्हणाला. "माझ्याकडे कमी पडले तर काय करायचं याची चार पानं आहेत. जास्त झाले तर काय, ते लिहिलंच नाही."

"मग टॉवेल आण," मी म्हणाले.

तो गेला आणि किल्लीने वरचं कुलूप उघडून घरातले सगळे टॉवेल घेऊन आला. चाळीस मिनिटांचा तलाव तिन्हीसांजेपर्यंत चालला. कुबिचेक मंडळी झोपली वर, आपापल्या बिछान्यात. त्यासाठी एल्डननी त्यांच्याकडून 'स्वखुशीने ओमाहा सोडत आहे' असं वहीत लिहून घेतलं.

सकाळी लिंडक्विस्टांना जनेलने वॅफल केले. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला : 'तलाव उत्तम. पलंग थोडा लहान. खिडकीवरचे गृहस्थ कडक, पण न्यायी.' एल्डन तो शेरा चर्चमध्येही वाचून दाखवतात.

ऑगस्टमध्ये ते खऱ्या ओमाहाला गेले, एल्डनना सोबत घेऊन. शेळ्यांकडे मी बघितलं. रविवारी संध्याकाळी यायचे ते रात्री आले. उशीर का झाला विचारलं तर जनेल हसायलाच लागली. नदीवरच्या पुलाच्या मधोमध रेघ आहे, अलीकडे नेब्रास्का, पलीकडे आयोवा. टेसा एका राज्यात उभी राहिली, बॉइड दुसऱ्यात. व्हर्लिन रेघेवर पाय फाकवून उभा, आणि आधी कुठल्या राज्यातल्या पोराला हाक मारावी हे त्याला तासभर ठरवता येईना.

"मग शेवटी?" मी म्हणाले.

"शेवटी आम्हीच आईस्क्रीम आणलं," जनेल म्हणाली. "त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. छान दिसत होता गं."