फणसाची लिपी

वैशाखातली सुवर्णसांद्र दुपार. गुहागरच्या माडामाडांतून ऊन ठिबकत होतं आणि परसात फोडलेल्या फणसाचा मधुर, मदिर, मस्तवाल गंध सारं अंगण व्यापून राहिला होता.

त्या गंधानेच घात केला हो! वैजयंतीला राहवलं नाही. जन्मांध असली म्हणून काय झालं, गरे सोलावेत तर तिनेच. धाकट्या भावजयीशेजारी, मुग्धेशेजारी, ती बसली, सोलत राहिली आणि हाताला तेल लावायचंच विसरली. चीक बोटाबोटांवर घट्ट बसला.

आणि घटकाभरात इटालियनची ऑनलाइन परीक्षा! आज चुकली तर वरचा वर्ग थेट पुढच्या वर्षी. लॅपटॉपला जोडलेल्या ब्रेलपट्टीवर इवलाले ठिपके उमटत, विरत, पुन्हा उमटत. त्या ठिपक्यांतूनच ती दूरदेशीची लाडकी भाषा तिच्याकडे आली होती. आता ठिपका कुठला आणि पट्टी कुठली, काही कळेना. डोळ्यांचं दुःख तिने कधी केलं नव्हतं. पण बोटं आंधळी झाली आणि तिला रडूच कोसळलं.

"अहो वन्सं, रडताय काय? हात आणा इकडे!" मुग्धेने खोबरेल चोळलं, डाळीचं पीठ चोळलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि चोळता चोळता स्वतःच हसत सुटली. वैजयंतीलाही हसू फुटलं. एकेक बोट हळूहळू जागं झालं.

लॅपटॉपच्या पडद्यापलीकडे इटालियन शिकवणाऱ्या लोरेताबाई परीक्षा घ्यायला वाट पाहत होत्या. वैजयंतीने उतारा वाचला. आधी अडखळत, मग झुळझुळत. बाईंनी इटालियनमध्येच विचारलं, "उशीर का झाला?"

अगं बाई! हे उत्तर काही पाठ केलेलं नव्हतं. फणसाला त्यांच्या भाषेत म्हणायचं तरी काय?

"मुग्धा, तो दुसरा फणस दे गं मांडीवर." अख्ख्या, काटेरी, ऊनऊन फणसावरून तिचा तळवा फिरला. मग शब्द आपसूक येत गेले. "बाई, आमच्याकडे असं एक फळ असतं. वरून सगळं ठिपक्यांचं. जाडजूड पुस्तकच!"

"मग वाच की. काय लिहिलंय?"

बोटं एका काट्यावरून दुसऱ्यावर सरकली.

"लिहिलंय, जपून उघड. आत गोड आहे."

बाई खळखळून हसल्या. "वरच्या वर्गात ये. आणि येताना हे पुस्तक आण!"

वैजयंतीने आनंदाने फणसालाच मिठी मारली. ऊन कलत गेलं, माडांच्या सावल्या अंगणभर लांबल्या. मुग्धा कोयता घेऊन केव्हाची उभी होती. पण वैजयंतीची बोटं अजून वाचतच होती, काट्यामागून काटा, ओळीमागून ओळ, आणि या वेळी मात्र आधी तेल लावून.