उकंडाजींच्या नातीची वाटी

मित्रांनो, भांड्यांवर नावं घालणारी एक जुनी मशीन आहे मी. दिसायला जाड्या पेनाएवढी, पण आवाज असा की शेजारचा चहावाला कानावर हात ठेवतो. नागपूरच्या कारखान्यात जन्मले आणि यवतमाळला कोकिळाबाईंच्या भांड्यांच्या दुकानात हयात घालवली. लग्नसराईत काय माझी ऐट असायची! आता लोक नुसते स्टिकर चिकटवतात आणि मी गल्ल्याजवळ धूळ खात पडते. पण स्टिकर निघतं, माझं अक्षर निघत नाही. याच गुणानं एकदा माझा घात केला.

त्या दिवशी उकंडाजी नावाचे म्हातारे, त्यांचा मुलगा विक्की आणि सून समीक्षा बारशाची वाटी घ्यायला आले. समीक्षाच्या कुशीत तान्ही लेक होती. तिच्या आधीची दोन बाळं जगली नव्हती, आणि हीसुद्धा महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नाव ठेवायचंही समीक्षाला भ्याव वाटे. शेवटी मोबाइलवर दिसलेलं, कानाला गोड लागलेलं 'मॅलरी' तिनं मनाशी धरलं होतं.

"उकंडी ठेवा. वंगाळ नावाले नजर लागत नाही," म्हातारे म्हणाले.

"लोक हासतीन, बाबा," विक्की म्हणाला.

कोकिळाबाईंनी मला चालू केलं. वाटीवर 'मॅ' उमटला. म्हाताऱ्यांची पुटपुट थांबेना, तसा विक्की चिडला.

"तुमच्या नावाचा अर्थ उकिरडा. आता हिच्या नावाचा आयका." त्यानं मोबाइल काढून मोठ्यानं वाचलं, "मॅलरी. आधी इंग्रजी आडनाव होतं. जुन्या फ्रेंच शब्दावरून आलं. अर्थ..."

त्यानं मोबाइल खाली केला.

"काय हाये अर्थ?" समीक्षानं विचारलं.

"अभागी."

तोवर 'ल'ही लिहून झाला होता. समीक्षानं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा."

"हे पुसत नाही, माय. दुसरी वाटी देतो तुले," कोकिळाबाई म्हणाल्या.

"पण लिहिलं गेलं ना आता..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या सुईनं लिहिलेलं असणार होतं.

तेवढ्यात उकंडाजी हसले.

"कायले रडून राह्यली? माह्या आधीची तीन भावंडं गेली. मंग मायनं मले उकिरड्यावर टेकवलं. म्हणे, हा कचरा हाये, याले कोण नेते? म्हून मी मांगं राह्यलो. विलायतेतबी कोण्या मायनं हेच केलं दिसते. माह्यंच नाव हाये हे, इंग्रजीतलं."

समीक्षानं त्यांच्या सुरकुतल्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं वाटी पुढे सरकवली. "पुरं करा."

थरथरणं हेच माझं काम, पण 'री' लिहिताना मी पहिल्यांदा भीतीनं थरथरले.

गेल्या आठवड्यात दात पडलेली एक मुलगी आजोबांचं बोट धरून दुकानात आली. शाळेच्या डब्यावर तिला नाव हवं होतं. 'मॅलरी', आणि खाली 'उकंडा'.

"कोणी हासलं त?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"अर्थ सांगीन मी," ती म्हणाली.

मित्रांनो, नाव ठेवणं अवघड असतं, नावं ठेवणं फार सोपं. कुणाच्या नावाला हसण्याआधी ते ठेवणाऱ्याला कशाची धास्ती होती, ते विचारा. आणि माझ्या सुईला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. मॅलरीच्या नातीची वाटी मलाच लिहायची आहे.