मावशीकडची लॅटिनची शिकवणी

जे घडलंच नाही त्यासाठीसुद्धा क्रियापदाचं वेगळं रूप राखून ठेवणारी भाषा म्हणजे मानवी बुद्धीचं शिखर होय, असं मावशीचं मत होतं. कॉलेजात लॅटिन शिकवून ती निवृत्त झाली होती. भाचीचं मत असं की, त्या शिखरावरून मावशीला ढकलून द्यावं.

भाचीला इतिहासात पीएचडी करायची होती. जुनी कागदपत्रं लॅटिनमध्ये, म्हणून लॅटिनचा पेपर सक्तीचा. त्यात ती दोनदा आपटली होती, दोन्ही वेळा सब्जंक्टिव्हवर, म्हणजे न घडलेल्या गोष्टींच्या त्याच क्रियापदरूपावर. आता नापास झाली की जागा गेली. म्हणून तोंड वाकडं करून ती मावशीच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

मावशीची शिकवण्याची एक तऱ्हा होती. पुस्तकातली वाक्यं चालत नसत. पोटातली इच्छा, भीती, पस्तावा, जे असेल ते बोलायचं आणि मग लॅटिनमध्ये न्यायचं.

"राजा आला असता तर सैनिक पळाले नसते," भाची म्हणाली.

"कोण राजा? तुझा काका लागतो? खरं काहीतरी बोल."

"मला काही सुचत नाही."

"हे साधं विधान झालं. त्यासाठी मी गॅस बंद करून बसलेली नाही."

भाचीने पेन आपटलं. "मग ऐक! आज आई असती तर मी तुझ्या दारात पाऊल टाकलं नसतं."

"छान. आत्ता नसलेली गोष्ट. पुढे?"

"छान? ती हॉस्पिटलात होती तेव्हा तू आली असतीस तर ती अशी झुरली नसती. तू इथे पेपर तपासत बसलीस!"

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. "ही तेव्हा न घडलेली गोष्ट. रूप बदलेल. लिही."

"तू माणूस आहेस की व्याकरण?"

"लिही म्हणते ना!" मावशीचा आवाज फाटला. "आणि माझंही लिही. तुझी आई फोनवर म्हणाली, आलीस तर तोंड बघणार नाही. एकदा नुसतं 'ये' म्हणाली असती, तर कॉलेज पेटवून आले असते मी!"

भाचीने कागद फाटेल इतकं दाबून तिन्ही वाक्यं लॅटिनमध्ये लिहिली. तिन्ही बरोबर आली. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. मावशीने गॅस पेटवला, भाचीने दार आपटलं.

परीक्षेत सब्जंक्टिव्हचा प्रश्न ऐच्छिक होता. भाचीने तो सोडून दिला आणि ती पास झाली.