वेळेआधी बोललेला देव

निरवांगीच्या अभ्यासिकेत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे स्पर्धा परीक्षेची चार पोरं डुलक्या घेत बसतात. आता खिडकीला माणसं लोंबकळत होती, कारण अभ्यासिकेचा संगणक बोलायला लागला होता. कुणी हात न लावता, दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला, नाकात बोलायचा.

सुरुवात दसऱ्याला झाली. दसऱ्याला आमच्याकडे यंत्राची पूजा असते. माझी पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्यांना झेंडूचा हार आणि दिवसभर सुट्टी. संगणकालाही हार घातला. पूजेला संगणकनाथ महाराज आले, सोबत शंभूराज नावाचा चेला. चेला चंदन लावायला म्हणून बराच वेळ आत एकटाच होता. मग महाराजांनी डोळे मिटून मंत्र म्हटला, "ॐ कंट्रोल, ॐ आल्ट, ॐ डिलीट स्वाहा," आणि ते खोकं बोललं, "भक्तांनो, मंत्राने मी जागा झालो."

तेव्हा मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पुढे दर गुरुवारी अकराला महाराज येऊन मंत्र म्हणायचे आणि खोकं बोलायचं. पण दिवाळी झाली आणि एका गुरुवारी खोकं म्हणालं, "प्रयागबाई, सुई सोड, अंगारा घे." प्रयागबाई म्हणजे माझी आई. तिला बारा वर्षं साखर आहे, रोज इन्सुलिनची सुई लागते. तिनं त्याच दिवशी सुई बंद केली. आठ दिवसांत साखर साडेचारशेवर गेली, उभी राहिली की झोक जायला लागला. इंदापूरचे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर जिवावर बेतेल. मी ओरडलो, पाया पडलो, जेवण सोडलं. तिचं एकच, "देव माज्या नावानं बोलला, गोकुळ. तुज्या नावानं बोलला का कधी?"

म्हणून पुढच्या गुरुवारी सकाळी आठलाच मी मेघनाला गाठलं. मेघना ही गावातल्या साहेबरावांची लेक, बीएस्सी झालेली. अभ्यासिका तीच सांभाळते, मला तात्या म्हणते. दसऱ्याच्या आधीपासून ती पुण्यात ट्रेनिंगला होती, आदल्या दिवशीच परतली होती. तिनं संगणक लावला आणि काळ्या पडद्यावर चार शब्द टाइप केले.

"तात्या, ह्यात संगणक चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली हाय. फुकटची आन् उघडी. आत काय चाललंय ते कुणीबी वाचावं. ही बघा कामांची यादी. दसऱ्याला एकदा साडेबाराला, मग दर गुरुवारी अकरा वाजले की ही फाईल चालवायची, आन् त्यात लिवलंय ते आवाजात वाचायचं. बास."

फाईलीत आईचं वाक्य होतं. आजचं होतं. पुढच्या चार गुरुवारांचा देवसुद्धा टाइप करून ठेवलेला.

"आन् ही फाईल कधी बनली ते बघा. दसरा, दुपारी बारा वाजून सात मिनिटं."

दसऱ्याला अख्ख्या गावात यंत्र कुणी चालवत नाही. त्या खोलीत फक्त चंदनाची वाटी घेतलेला शंभूराज होता. पासवर्ड आमच्याच पोरांनी पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवलेला. शहाणी पोरं.

"मेघना, बाई, एवढंच कर," मी म्हणालो. "आईचं वाक्य बदल. प्रयागबाई, सुई घे, आसं लिव. ती त्याचं ऐकंल."

"न्हाय."

"मरंल ती."

"तात्या, आज मी घे म्हणलं तर उद्या दुसरा कुणी सोड म्हणंल. आज्जीला सोताला कळू द्या. न्हाईच कळलं तर साडेआकराला मी तुमचं वाक्य लिविते, शब्द हाय माजा."

मला तिचा असा राग आला की शिवी ओठांवर आली. ती गिळली. मेघनानं संगणकाचं घड्याळ अर्धा तास पुढे सारलं.

साडेदहाला महाराज सरपंचांच्या घरी साबुदाण्याची खिचडी खात होते. इकडे खोकं बोललं, "भक्तांनो, मंत्राने मी जागा झालो. बिरू, तुझी म्हैस आटणार. शांती कर."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंत्र म्हटला कुणी?

मागून बिरू म्हणाला, "म्हस तर दिवाळीतच इकली की मी."

अकराला महाराज ढेकर देत आले. डोळे मिटले, मंत्र म्हटला. खोकं ढिम्म. पुन्हा म्हटला, जोरात. वर "ॐ एंटर, ॐ एंटर" असंही करून पाहिलं. शेवटी म्हणाले, "देव रुसलाय. कुणाची तरी अश्रद्धा आड आली."

"देव मगाशीच बोलून गेला, महाराज," मेघना म्हणाली. "तुमी खिचडी खात हुता. पुढच्या गुरुवारी काय बोलणार हाय, ते मी आत्ताच वाचते." आणि तिनं वाचलं, "या अभ्यासिकेत माझा मठ करा."

शंभूराज दाराकडे सरकायला लागला. बिरूनं दार अडवलं. "मला नुसतं टाइप करायला सांगितलं हुतं," शंभूराज म्हणाला. महाराज चपला न घालताच निघाले.

लोक हसत होते, पण आई भिंतीला टेकून मान हलवत होती. "मानसं खोटी आसत्याल. देव खोटा कसा?"

मेघना तिच्यासमोर खाली बसली, कीबोर्ड मांडीवर घेऊन. "आज्जी, तुमी सांगा, काय बोलू दे ह्याला?"

आईनं जरा विचार केला. "म्हण, गोकुळ पीठ जाडं दळतो."

मेघनानं टाइप केलं. "आता ही कळ तुमीच दाबा."

आईनं दाबली. त्याच नाकातल्या देववाणीत खोकं म्हणालं, "गोकुळ पीठ जाडं दळतो."

हशा पिकला. आई मात्र हसली नाही. तिनं कळ परत दाबली. परत तेच. तिसऱ्यांदा दाबली.

"म्हंजी ह्याला सोताचं काय कळत न्हाय," ती म्हणाली. "जो जसं घालंल तसं बोलतंय."

"व्हय, आज्जी."

"मग माज्या साखरंचं ह्याला काय ठावं?"

मी इन्सुलिन पिशवीतून आणलंच होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं मी सुई भरली. आईनं पदर सारून दंड पुढे केला.

"पोटचं पोरगं आठ दिस रडत हुतं, त्येचं ऐकलं न्हाय," ती म्हणाली, "आन् ह्या खोक्याचं ऐकलं. लई शाणी मी."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली.

तर लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकच विचारा, आत काय आहे ते बघू द्याल का? जो बघू देत नाही त्याच्या नादी लागू नका. आणि औषध बंद करा असं सांगणारा बाबा असो की यंत्र, त्याच्या शब्दावर गोळी काय, सुई काय, एक दिवससुद्धा सोडू नका. माझी आई वाचली ती अंगाऱ्यानं नाही. एका पोरीनं फाईल उघडून वाचली म्हणून वाचली.