खुळखुळणारा तळ

बोलनेसच्या हॉस्पिटलातून एवर्ट गाडीने परत आला. खिडकीजवळच्या बाकावर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "मायकेन, माझ्या राखेचा डबा तू करायचास."

माझ्या हातातली कॉफीची किटली हातातच राहिली. "आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

"तेच सांगतोय. जूनमध्ये मिडसमरच्या सणाचा खांब उभा करतील तेव्हा मी असेनच असं नाही. आत्ता एप्रिल संपत आलाय, बर्चमध्ये रस चढलाय, साल आपसूक सुटते. झाड याच आठवड्यात पाडायला हवं."

असा हा माझा थोरला भाऊ. मरणाचं सांगतानासुद्धा लाकडाचा हंगाम बघणार!

तीस वर्षं दर गुरुवारी गावच्या सभाघरात बसून त्याने अख्ख्या गावाला लाकूड कोरायला शिकवलं. चर्चच्या पाळकीणबाईंना शिकवलं, बसड्रायव्हर सिक्स्टेनला शिकवलं, सुट्टीला आलेल्या स्टॉकहोमकरांनाही शिकवलं. मला मात्र कधी नाही. आमच्या वेळी शाळेत मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. मी उशीचे अभ्रे शिवले, पुढे पस्तीस वर्षं टपाल वाटलं, आणि लग्न दोघांनीही केलं नाही म्हणून एकाच घरात राहिलो. मी 'शिकव' म्हणेन याची तो वाट बघत होता, तो 'शिकतेस का' विचारेल याची मी. दोघंही एकाच आईची पोरं, अडून बसण्यात पटाईत.

"सिक्स्टेनला सांग ना," मी म्हटलं. "त्याचा हात चांगला आहे."

"सिक्स्टेन करेल छान. आणि मग दहा वर्षं प्रत्येक कॉफीला सांगत बसेल, एवर्टचा डबा मी केला म्हणून. मला शांतपणे मरू दे की."

सिक्स्टेनने ओंडका मात्र आणून दिला. खाली ठेवता ठेवता माझ्याकडे बघून म्हणाला, "मायकेन, बोटं मोजून ठेव. नंतर हिशेब लागायला बरं."

"तू निघ," मी म्हटलं.

आता हा डबा म्हणजे काय, तर ओल्या लाकडाचा ओंडका आरपार पोखरायचा, बोटाच्या अर्ध्या जाडीची भिंत ठेवायची. खालच्या कडेला आतून गोल खाच पाडायची आणि तिच्यात वाळलेल्या फळीचा गोल तळ बसवायचा, तोही सैल. गोंद नाही, खिळा नाही. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं आणि तळाला स्वतःच आवळून धरतं. फट फार ठेवली तर तळ जन्मभर खुळखुळतो. कमी ठेवली तर आवळता आवळता भिंतच उभी तडकते. आणि तळासाठी एवर्टने काय काढावं? आईची भाकरी लाटायची फळी! पातळ भाकरी लाटून लाटून ती मधे खोलगट झाली होती. कडेचा सपाट भाग एका तळापुरताच होता. म्हणजे चुकायची सोय नाही.

"दुसरी फळी घेऊ," मी म्हटलं.

"हीच."

त्याची बोटं आता कपसुद्धा धड धरत नव्हती. तो बाकावर बसून नुसता ऐकायचा. मी पटाशी मारली की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचा, "लाकडाच्या रेषांना उलटी चाललीयेस. आवाज फाटतोय बघ." किंवा, "अगं, लाकूड आहे ते, कुत्रं नाही चावायला येत. घट्ट धर." दोन दिवसांत माझ्या तळहाताला पाच फोड आले. रागाने मी एकदा सुरी आपटली, तर म्हणाला, "ती सुरी आजोबांची. तुझ्यापेक्षा तिचा स्वभाव बरा आहे."

फट किती ठेवायची यावर मात्र माझी पाचावर धारण बसली. मला सैल काही आवडतच नाही. टपाल वाटायचे तेव्हा मी बंद केलेलं फाटक परत जाऊन बघायचे. चूल विझली का ते आजही तीनदा बघते. मी तळ घासून आणला तो खाचेत जेमतेम जाईल असा.

"वाढदिवसाचं कार्ड असतं ना, लिफाफ्यातलं?" एवर्ट म्हणाला. "आयुष्यभर वाटलीस. तसा एक लिफाफा सगळीकडून सरकला पाहिजे. एवढी फट."

"एवढी? पडेल ना तो!"

"पडणार नाही. खाच आहे. तू धरायचं नाहीस, लाकूड धरेल."

मी लिफाफा घेऊन बसले आणि घासत राहिले. संध्याकाळी तळ टक् करून खाचेत गेला. डबा हलवला तर आत खुळखुळला, लहान मुलाच्या खेळण्यासारखा. एवर्ट इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

"झकास! आता हा खुळखुळतोय तोवर मी कुठे जात नाही."

त्याने गंमत केली. पण मला गंमत कळत नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

डबा तळघरात बटाट्यांच्या शेजारी ठेवला, सावकाश वाळावा म्हणून. रोज सकाळी मी खाली जाऊन तो कानाशी हलवायचे. वर आले की एवर्ट विचारायचा, "वाजतोय?" आणि मी म्हणायचे, "वाजतोय." पहिल्या आठवड्यात आवाज मोठा होता. आठव्या दिवशी बारीक झाला, खिशात दोन नाणी असावीत एवढाच. आणि त्याच दिवशी एवर्ट पहिल्यांदा न्याहारीला उठून आला नाही. "आज इथेच दे कॉफी," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना. मी तळघराच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या डोक्यात एकच बसलं, की हा गप्प झाला की तो गप्प होणार. मूर्खपणा आहे हे मला त्याही वेळी कळत होतं. पण कळून काय उपयोग? मी ओंडक्याच्या उरलेल्या ढलप्या पाण्यात भिजवल्या, त्या डब्यात कोंबल्या, भोवती ओला टॉवेल गुंडाळला आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डबा मोकळा करून हलवला, तर छान मोठ्याने वाजला. मी वर जाऊन सांगितलं, "वाजतोय." खोटं काय होतं त्यात? आणि एवर्टने त्या दिवशी अर्धी वाटी लापशी खाल्ली.

मग मी थांबलेच नाही. लोक देव पाण्यात घालून बसतात, मी डबा पाण्यात घालून बसले. रोज टॉवेल पिळून बदलायचे. नर्स यायची, औषध वाढवून जायची. एवर्ट बारीक होत चालला होता, पण होता. मी मनात म्हणायचे, चालतंय, वाजतोय ना.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी सिक्स्टेन वेलचीचे पाव घेऊन आला. बिछान्याशी बसून गावच्या बातम्या सांगता सांगता म्हणाला, "आणि डबा? धरला असेल एव्हाना."

"नाही," एवर्ट म्हणाला. "अजून वाजतोय."

सिक्स्टेनचा पाव तोंडाशीच थांबला. "चार आठवड्यांनी? बर्च? एवढ्या पातळ भिंतीचा?"

एवर्टने माझ्याकडे पाहिलं. सिक्स्टेनकडे नाही, माझ्याकडे. "घेऊन ये वर," म्हणाला.

मी पिशवी वर आणली. पिशवी उघडली तेव्हा कुबट वास आला. रोज तळघरात तो मला जाणवला नव्हता, की मी जाणवू दिला नव्हता, कोण जाणे. डब्याच्या अंगावर जागोजागी काळे डाग उमटले होते. मी टॉवेल काढून डबा त्याच्या पांघरुणावर ठेवला. त्याने कसाबसा हात फिरवला, बोट नाकाशी नेलं.

"सिक्स्टेन, तू बाहेर जाऊन गवत बघ," तो म्हणाला. मे संपता संपता आमच्याकडे कसलं आलंय बघण्याजोगं गवत! पण सिक्स्टेन गुमान उठून गेला.

"हा ओला आहे, मायकेन."

"तळघरात दमटपणा..."

"मला शिकवू नकोस."

मग मी सांगून टाकलं. ढलप्या, टॉवेल, पिशवी, सगळं. "तूच म्हणाला होतास, खुळखुळतोय तोवर जाणार नाही म्हणून."

"अगं, गंमत होती ती!"

"मला नाही कळत गंमत! अडुसष्ट वर्षं झाली, तुला अजून माहीत नाही?" मी ओरडलेच. आजारी माणसावर ओरडले आणि मग रडायला लागले.

त्याने एका काळ्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला भीती वाटते."

एवर्टच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. गोठलेली नदी तडकून तो पाण्यात पडला होता, तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, की बूट ओले झाले.

"मरायची?"

"त्याचीही वाटते. ती राहू दे. पण मी गेल्यावर हा डबा तडकला, तर तू उरलेला जन्म म्हणत बसशील की फट माझीच चुकली, माझ्याच हातून झालं. फाटकासारखी पुन्हा पुन्हा जाऊन बघशील. ओळखत नाही का मी तुला? तळाने धरलेलं मला बघायचं होतं. म्हणजे तुला एका तरी गोष्टीची काळजी उरली नाही, एवढं बघून गेलो असतो. आणि त्यातले तू तीन आठवडे खाल्लेस."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी त्याचे दिवस वाढवत बसले होते म्हणे!

त्या दिवसापासून सगळं उलटं झालं. आता डबा लवकर वाळावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला, आणि घाई तर करता येत नव्हती. पाण्याने फुगलेलं लाकूड झटपट वाळवलं की फाटणारच. सिक्स्टेन म्हणाला, "चुलीजवळ ठेव एक रात्र, काय होतंय?" एवर्टला त्या रात्री धाप लागली होती. मी खरंच डबा चुलीशी नेला. उबेत त्याचा वास बदलायला लागला आणि माझ्या कानात 'लाकूड धरेल' घुमायला लागलं. दहा मिनिटांत मी तो उचलला, परत तळघरात नेऊन ठेवला आणि स्वतःच्याच हाताला चिमटा काढत पायरीवर बसले.

रोज सकाळी मी डबा त्याच्या कानाशी नेऊन हलवायचे. आता तो विचारत नव्हता, नुसता ऐकायचा. जूनचा पहिला आठवडा गेला. डबा वाजत होता. खेड्यात पोरं मिडसमरच्या खांबाला माळा कुठल्या फुलांच्या करायच्या यावर भांडायला लागली. डबा बारीक वाजत होता. एवर्ट दिवसातून दोन घोट पाणी प्यायचा. मी डब्यावर भिंग लावून चीर शोधायचे, आणि प्रत्येक काळा डाग मला चीरच वाटायचा.

बुधवारी सकाळी मी तो त्याच्या कानाशी हलवला आणि काही ऐकू आलं नाही.

एवर्टने डोळे उघडले. ओठ हलले, "परत."

मी परत हलवला. मग उलटा करून तळावर बोटाने ठोकलं. आवाज घट्ट, भरीव आला. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, कुठे चीर नाही. लिफाफ्याची फट गेली होती, नखही शिरत नव्हतं.

"धरलाय," मी म्हटलं. "एवर्ट, त्याने धरलाय रे!"

"तुझी फट बरोबर होती," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "आता त्यात कॉफी भर."

"काय?"

"कॉफी. कोरा डबा आहे. मी पहिलाच नको त्यात."

मी कपाटातली कॉफीची पुडी फोडून अख्खी डब्यात ओतली. त्यातलीच चमच्याने काढून किटलीत घातली. त्याला पिणं जमलं नाही, मी चमच्याने ओठ ओले केले. त्याने जीभ फिरवली आणि म्हणाला, "थोडी कुबट आहे." आणि हसला, या वेळी मलाही हसू आलं.

शुक्रवारी पहाटे तो गेला. घरात काहीच वाजत नव्हतं.

डब्याचं झाकण सिक्स्टेनने केलं, तेवढा मान त्याला दिला. अंत्यविधीचं काम बघणारा तरुण डबा न्यायला आला. काळा कोट, मऊ बोलणं. त्याने झाकण उघडून आत पाहिलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "मायकेन, याला कॉफीचा फार वास येतोय. भरायच्या आधी पुसून घेऊ का?"

"हात तर लावून बघ," मी म्हटलं.