माझ्या पोटातला ठोका

मित्रांनो, मी समुद्रातल्या खडकाचा एक जुना तुकडा आहे. किती जुना, ते विचारू नका. दगडाचे वाढदिवस कोण लक्षात ठेवतो? ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. पण तिच्यात माझाही दोष आहे, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

पोवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली घरे एकावर एक रचली आणि त्यांतून मी झालो. अंगभर भोके, बिळे, भुयारे. एका वादळात मी मोठ्या खडकापासून तुटलो. पुढे माणसांनी मला उचलले, ओल्या कागदात गुंडाळले आणि माशांच्या दुकानात आणले. तिथे मला ‘जिवंत खडक’ म्हणत. दगडाला कोणी जिवंत म्हणावे, याचे मला फार अप्रूप वाटले. तसे ते खोटे नव्हते. माझ्या अंगात असंख्य बारीक जीव राहत आणि तेच भोवतालचे पाणी स्वच्छ ठेवत.

पण माझ्या पाठीमागच्या खोल बिळात आणखी एक जण होता. तो केव्हा शिरला, मला कळलेच नाही. तो तासन्‌तास अंधारात बसून राही आणि मधेच आतून एक ठोका देई. टक्. मग बराच वेळ काही नाही.

मला विकत घेतले एका बाईने. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. घरी ती आणि तिचे वडील, दोघेच. वडिलांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली होती. हात थरथरू लागले तसे दुकान बंद झाले, आणि तेव्हापासून ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहत. बाबांचे मन कशात तरी रमावे, म्हणून लेकीने खाऱ्या पाण्याच्या टाकीचा घाट घातला होता.

टाकी सहा फूट लांब होती. ती कुठे ठेवावी हे विचारायला मिस्त्रीला बोलावले. त्याने जमिनीवर टाच आपटून पाहिली आणि जाड भिंतीलगतची जागा दाखवली. खोलीच्या मधोमध ठेवलीत तर एक दिवस मासे खालच्या शेजाऱ्यांकडे राहायला जातील, असे तो म्हणाला. मग पिंपे भरून गाळलेले पाणी साठवले. त्यात पिशवीतले मीठ पडे, बाबा लांब दांड्याने ढवळत बसत आणि लेक काचेची नळी बुडवून खारटपणा मोजे. रोज चिमटीचिमटीने मीठ वाढे.

“तुझ्या आईनं मिठाचा एवढा विचार केला असता,” बाबा एकदा म्हणाले, “तर आपण दोघं उपाशीच राहिलो असतो.”

लेक हसली. बाबा पुष्कळ दिवसांनी थट्टा करत होते.

दुकानदाराने बजावले होते की पहिले दोन महिने नुसते पाणी बघायचे. तेवढा धीर असेल तरच मासे घ्यायचे. खरोखर तसेच झाले. टाकीत ठेवल्यावर आधी मला वास सुटला, मग तपकिरी थर चढला, मग हिरवा. लेक रोज नळीभर पाण्यात तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकून त्याचा रंग बघे. बाबा मात्र घड्याळांचे जुने भिंग डोळ्याला लावून मला तपासत. माझ्यातून केसाएवढा पिसारा फुलवणारा किडा बाहेर आला तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारून दाखवला. हा दगड म्हणजे अख्खे गाव आहे, असे ते म्हणाले. मित्रांनो, एवढे कौतुक माझे कोणी केले नव्हते. त्या दिवसांत मी माझ्या पाठीमागच्या बिळाला पार विसरलो.

मग मासे आले. दोन नारिंगी, एक पिवळा, तीन निळे. शिवाय काचेवर चरणाऱ्या गोगलगायी. पंधरा दिवसांत गोगलगायींचे फुटके शंख वाळूत दिसू लागले. मग एक निळा मासा नाहीसा झाला. मेला म्हणावे तर कलेवर नाही. आठवड्याने दुसरा गेला.

दुपारी लेक कामावर असे. बाबा एकटे टाकीपुढे बसत. अशाच एका दुपारी त्यांना तो ठोका ऐकू आला. त्यांनी काचेला कान लावला. पंप घुमत होता, गाळणीतून पाणी ठिबकत होते, आणि त्या सगळ्याखाली, टक्.

संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितले. ती दोन मिनिटे काचेजवळ उभी राहिली. काहीच झाले नाही. चाळीस वर्षे घड्याळे ऐकली, तीच टिकटिक आता कानात राहिली असेल, असे ती मायेनेच म्हणाली.

“घड्याळ नाही गं ते,” बाबा म्हणाले. “घड्याळाचा पुढचा ठोका कधी पडणार ते मला सांगता येतं. हा वाट बघायला लावतो. आत कुणीतरी बसलंय.”

लेकीचा चेहरा उतरला. मी तिच्या जागी असतो तर मलाही तसेच वाटले असते.

तिसराही निळा मासा गेला, तेव्हा तिचे लक्ष बाबांच्या बोटांकडे वळले. सांधे दुखतात म्हणून ते हाताला मलम लावत. त्या मलमाने पाणी बिघडले असेल, अशी तिची समजूत झाली. यापुढे टाकीत हात घालू नका, असे तिने सांगितले. बाबांनी हात पाठीमागे नेले, लहान मूल नेते तसे. नंतर ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कान ठणठणीत निघाले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी भास थांबवायची गोळी लिहून दिली. ती गोळी लेक स्वतःच्या हाताने त्यांना देई. गोळीने झोप येई, आणि खुर्चीही टाकीपासून हलून आतल्या खोलीत गेली.

रोज घरी आल्यावर ती विचारी, आज आवाज आला का? बाबा आधी हो म्हणत. हो म्हटले की तिच्या कपाळावर आठी पडे. काही दिवसांनी ते नाही म्हणू लागले. तिला हायसे वाटले.

आणि दर दुपारी, रिकाम्या खोलीत, माझ्या पोटात ठोका पडतच होता. मला ओरडून सांगायचे होते. पण दगडाला तोंड नसते.

एका सुट्टीच्या दिवशी लेक काच पुसत होती. तिच्या डोळ्यांदेखत पिवळा मासा माझ्या मागून गेला आणि झटक्यात आत ओढला गेला. पाठोपाठ आवाज आला. टक्. ती तशीच हात पाण्यात ठेवून उभी राहिली. भानावर आल्यावर तिने दुकानदाराला फोन केला. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने मला उचलून बादलीवर धरले आणि माझ्या बिळात बाटलीभर सोडा ओतला. माझे आतले कितीतरी जीव त्यात गेले. शेवटी तो बाहेर पडला. बोटभर लांब, हिरवट, कोळंबीसारखा दिसणारा, पण कोळंबी नव्हे. डोळे दोन दिशांना फिरवत त्याने मुडपलेल्या पुढच्या पायाने बादलीवर ठोसा हाणला.

बादली घेऊन ती धावत आतल्या खोलीत गेली आणि तिने ती बाबांच्या पायांशी ठेवली.

“बाबा, ऐका.”

टक्. प्लास्टिकवर तो केवढा मोठा वाजला.

बाबांनी बादलीकडे पाहिले नाही. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, तिथे उत्तर लिहिलेले असावे तसे.

“मला नाही काही ऐकू आलं,” ते म्हणाले. “गोळी घेतलीय मी.”

मित्रांनो, मला परत टाकीत ठेवले नाही; मी आता गच्चीत कोरडा, पांढरा पडून आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. माझे मागणे एवढेच आहे. घरात कुणी म्हणाले की मला काहीतरी ऐकू येते, तर त्याच्याजवळ बसा. दोन मिनिटे नव्हे, अख्खी दुपार बसा. आवाज निघाला नाही, तरी बसा.

लेकीने खुर्ची पुन्हा टाकीपुढे आणली. डॉक्टरांना विचारून गोळ्याही बंद झाल्या. सुट्टीच्या दुपारी ती बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसते आणि काय ऐकू येते ते विचारते. बाबा अजूनही आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि मग बोलतात.