मडममायचा गोटा

सगळ्यात आधी हे आयका. मडममायच्या गोट्यावर ॲसिड आमी नाई टाकलं. तांड्यातल्या कोण्याच मानसानं नाई टाकलं. टाकलं समितीनं. अन् तक्रार कोनावर झाली? आमच्यावर. "ऐतिहासिक स्मारक विद्रूप केले" म्हणे!

डोकं फिरलं माह्यं, म्हणून लिहून राह्यलो. बारावीत शाळा सुटली. जे काई येते ते मोबाईलवर पाहून पाहून शिकलो. शुद्ध-बिद्ध पाहू नका, गोष्ट पाहा.

मी इंद्रजीत. डोंगरसिंग नाईक तांडा, महागाव तालुका. आमच्या तांड्याच्या खालच्या अंगाले, नाल्याच्या काठानं, जर्मन लोकायची पडकी वसाहत हाय. तीन घरायचे जोते, एक बांधीव विहीर, अन् जिनिंगच्या बॉयलरचं धुराडं, तेई अर्धंच. तांड्यातले जुने लोक सांगतेत का कपाशीसाठी आलते ते जर्मन. जहाजातून मशीन आणली, पन इथवर रस्ता कुठी होता? आमच्या डोंगरसिंग नाईकाकडे लदनीचे बैल होते, मीठ-धान्य वाहाचे. त्या बैलायच्या पाठीवर मशीनचे तुकडे आले. मंग गावात हैजा आला. त्यायच्यातली एक मडम तांड्यातल्या लेकरायले दवा पाजत फिरली, अन् शेवटी तिलेच हैजा झाला. बाकीचे जर्मन पुढं निंगून गेले. मडम इथंच राह्यली. तिच्या कबरीचा चुन्याचा ओटा, त्याच्यात उभा संगमरवरी गोटा.

ती आमची मडममाय. लेकरू तापलं का तिले तेल. लग्न ठरलं का शेंदूर. पिढ्यान् पिढ्या चालू हाय. शेंदराचा थर इतका जाड झाला होता का गोटा हाय का देव हाय तेच समजे नाई.

अन् तीज. ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. राखीपासून आमच्या कुवाऱ्या पोरी टोपलीत गहू पेरतेत. रोज गानं म्हणत पानी घालतेत. गोकुळाष्टमीच्या टाइमले पिवळी-हिरवी तीज वर येते, मंग नाल्यात शिरवतेत, म्हणजे पान्यात सोडतेत. आमच्या तांड्याची रीत अशी का शिरवाच्या आधी पोरीनं तीज मडममायजवळ न्याची, गोट्याले तेल-शेंदूर लावाचा, अन् पहिला तुरा तिच्यापुढं ठेवाचा. पोरीच्या शेवटच्या तीजीले तं हे चुकतच नाई. माही बहीन उज्ज्वला, तिची ही शेवटची तीज. पुढच्या उन्हाळ्यात लगन हाय, उमरखेडकडच्या तांड्यात देली. पुढच्या वर्षी ती टोपली उचलू शकत नाई. हे एवढंच होतं तिचं मागणं. सोनं नाई, फ्रिज नाई. तीज मडममायपाशी न्याची.

आता समिती. "जर्मन वसाहत वारसा जतन समिती." अध्यक्ष मुक्कावार शेठ. महागावात हार्डवेअरचं मोठं दुकान. शेठले कोनी तरी सांगतलं का वारसा-बिरसा केला का सरकारी साहेब येतेत, पेपरात नाव येते. मले सहसचिव केलं. काहून? तांड्यातला एक मानूस लागत होता, अन् फुकटचे व्हिडीओ लागत होते. मलेई बरं वाटलं. खोटं कायले बोलू? वाटलं आपल्या जागेचं भलं होऊन राह्यलं.

शेठचं जतन म्हणजे शेठच्या दुकानातलं सामान. जोत्यायवर टाइल्स. धुराड्याले चांदीवानी ऑइल पेंट. विहिरीभोवती स्टीलचे पाइप. अन् फाटकाजवळ मोठा बोर्ड. बोर्ड रंगवला धम्मदीपनं. तो गावातल्या बौद्धवाड्यातला, माहा दोस्त, पेंटर हाय. बोर्डावर लिवलेलं, "पूर्वी येथे निर्मनुष्य जंगल होते. जर्मन अग्रदूतांनी येथे प्रथम मानवी वस्ती केली."

मी म्हनलं, "धम्मदीप, हे काय लिवलं बे?"

"शेठनं कागद देला. मी रंगवला."

"निर्मनुष्य म्हणजे मानूसच नाई ना? मंग मशीन का उडत आली?"

तो ब्रश पुसत हासला. "तुमी होते ना बाप्पा. पन मानसायत मोजले नसन. आमाले तं जुनी सवय हाय त्याची. तू आता आमच्या वर्गात आला."

मी शेठले फोन केला. शेठ म्हणे, "इंद्रजीत, पाहुण्यांना असंच आवडतं. आधी काहीच नव्हतं, मग झालं. गोष्ट छान वाटते." शेठ आमच्याशी असं पुस्तकी बोलते. दुकानात गिऱ्हाइकाशी भांडते तवा बरोबर वऱ्हाडी येते.

राखीनंतरच्या रविवारी श्रमदान ठेवलं. मी मोबाईल रिपेरिंग करतो, त्याचे पार्ट आणाले यवतमाळले गेलतो. मांगून धम्मदीपनं सांगतलं ते असं.

तारेचा ब्रश घेऊन मडममायचा शेंदूर खरडला समितीवाल्यायनं. इतक्या वर्षायचा थर, पापुद्रे पापुद्रे निंगाले. अन् आतून काय निंगालं? अक्षरं! परदेशी अक्षरं, कोरीव, जसेच्या तसे. आमच्या तेलानं, आमच्या शेंदरानं पावसापान्यातून सांभाळलेले. लोकायनं टाळ्या वाजवल्या म्हणे. सेल्फ्या काढल्या. मंग शेठ म्हणे, अजून लालसर दिसते, साहेब येणार, पांढरं फेक पाह्यजे. दुकानातून ॲसिडचा डबा आणला. संडास धुवाचं ॲसिड! वतलं. फसफस फसफस फेस आला. गोटा पांढरा झाला, टाइल्सवानी.

अन् अक्षरं गेली.

बोट फिरवलं तरी लागत नाई. मडमचं नाव, तिचं गाव, काय होतं काय नाई, कोनी वाचलंच नव्हतं. मी सगळ्यायचे फोटो मागतले. एकाई फोटोत पुरी अक्षरं नाई. हरेकाचं आपलंच थोबाड मधात. एका फोटोत शेठच्या कानामांगं दोन अक्षरं दिसतेत, तेई हाललेले.

मंग काय केलं? शेठनं गोट्याभोवती जाळी लावली, कुलूप ठोकलं, अन् पाटी. "तेल, शेंदूर, फुले, नारळ सक्त मनाई. स्मारकाचे पावित्र्य राखा."

पावित्र्य! आता सांगा.

माही याडी लालीबाई, उज्ज्वला अन् मी, तिघं शेठच्या दुकानात गेलो. याडी म्हणजे आई. याडी कधी कोनाशी मोठ्यानं बोलत नाई. ती म्हणे, "शेठजी, अष्टमीच्या दुसऱ्या दिशी पोरीची तीज हाय. घंटाभर कुलूप खोला. तेल लावतो, तुरा ठेवतो, जातो."

शेठ म्हणे, "अहो मावशी, त्याच दिवशी तर उद्घाटन आहे. नागपूरचे साहेब येणार आहेत."

"मंग तुमचं झाल्यावर येतो."

"तेल नाही चालणार. डाग पडतात. एवढं स्वच्छ केलं आम्ही." मंग शेठचं तोंड एकदम उजळलं. "पण तुम्ही यायलाच पाहिजे! फेटिया, कांचळी, सगळे दागिने घालून. साहेबांसमोर बंजारा नृत्य. दहा-बारा बाया आणा. नाश्ता समितीकडून."

उज्ज्वला म्हणे, "नाचाले चालतो आमी, पन हात लावाले नाई चालत?"

"तसं नाही बेटा. कला वेगळी, अंधश्रद्धा वेगळी."

"तुमच्या गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटू हाय, त्याच्यापुढं उदबत्ती जळून राह्यली. ते कला होय का?"

दुकानातले दोन गिऱ्हाईक हासले. शेठले लागलं. लगेच वऱ्हाडीवर आला. "ए पोरी, जास्त बोलू नको. जागा समितीच्या ताब्यात हाय. पाह्यजे तं या, नाई तं नका येऊ."

याडीनं उज्ज्वलाचा हात धरला. शेठले म्हणे, "येतो आमी. दागिने घालून येतो."

बाहेर आल्यावर मी याडीवर चिडलो. "तू हो कायले म्हनली? तो आपल्याले नाचवून राह्यला!"

याडी म्हणे, "येतो म्हनलं. नाचतो कवा म्हनलं?"

उद्घाटनाच्या दिशी मंडप, लाऊडस्पीकर, बिस्लेरी, सगळं. आमच्या बाया आल्या. पेटीतल्या फेटिया-कांचळ्या, म्हणजे आमचे घागरे-चोळ्या, काढल्या होत्या, हातभर बलोया म्हणजे बांगड्या, आरशायची चमचम. मधात पोरी, डोक्यावर तीजीच्या टोपल्या. शेठ धावत धावत समोर आला. "वा वा वा! टोपल्या पण आणल्या! साहेब, हे पाहा, ओरिजनल." फोटोवाला म्हणे, जाळीच्या मांगून फोटो नाई येत, मडमच्या गोट्याजवळ उभं करा. शेठनं सोताच्या खिशातून चावी काढली अन् सोताच्या हातानं कुलूप खोललं. हे ध्यानात ठेवा. आमी काई तोडलं नाई, काई फोडलं नाई.

पोरी आत गेल्या. गोट्याभोवती टोपल्या ठेवल्या. साहेब हासून राह्यले, फोटोवाला म्हणे, "हां, गोल करा, गोल." बायायनं गोल केला. अन् तीजीचं गानं उचललं, हळूच, पाय नाई हालवले. उज्ज्वला खाली बसली. याडीनं कांचळीतून तेलाची शिशी काढून तिच्या हाती देली.

उज्ज्वलानं गोट्याच्या माथ्यावर तेल वतलं. पांढऱ्याफटक गोट्यावरून धार खाली आली. मंग पदरातून शेंदूर काढला, पुरा पंजा भरून लावला. अक्षरं होती त्याच जागेवर.

"अरे! अरे! काय करते! थांबव रे तिले!" शेठ माइकवरच वरडला. पुऱ्या मंडपात घुमलं.

समितीचे दोघं धावले, पन गोलातून आत कसे जातीन? बाया सरकल्या नाई. त्या कोनाले ढकलत नव्हत्या, शिवी देत नव्हत्या, गानं म्हणत उभ्या होत्या. याडीनं पहिला तुरा उपटला, मडममायपुढं ठेवला. मंग टोपल्या उचलल्या, अन् सगळ्या जनी रांगेनं नाल्याकडे निंगाल्या. साहेबायनं बुटावरचा तेलाचा थेंब रुमालानं पुसला अन् इचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

व्हिडीओ मी काढत होतो. समितीसाठीच. तो अजून माह्याकडे हाय. शेठनं ग्रुपवर सांगतलं, डिलीट कर. मी सहसचिवपद डिलीट केलं.

दुसऱ्या दिशी ठाण्यातून फोन, जबाबाले या म्हणे. तक्रारीत माहं नाव, याडीचं नाव, उज्ज्वलाचं नाव. अन् "इतर महिला". तारेचा ब्रश कोनाच्या हातात होता ते तक्रारीत नाई. ॲसिड कोण्या दुकानातलं ते नाई. आमचा पंजा मात्र हाय.

शेठनं धम्मदीपसंग निरोप धाडला. माफी लिहून द्या, गोटा पुसून द्या, पोरीचं नाव काढून टाकतो. लग्नाची पोरगी हाय, उगाच कायले? म्हणजे दयाई त्याचीच.

धम्मदीप निरोप सांगून झाल्यावर म्हणे, "हा निरोप झाला. आता माहं आयक. रविवारी मी तिथं होतो. डबा कोनं आणला, कोनं वतला, मी सांगतो ठाण्यात."

"शेठ तुले काम देनार नाई मंग."

"नको देऊ. त्याच्या बोर्डावर मानसं नसतेतच."

पन खरा घाव दुसरीकडून आला. उमरखेडहून नवरदेव पोराच्या काकाचा फोन. "आमी आयकलं ते खरं होय का? पोरीचं नाव पोलिसात?" आवाज असा, जसं का पोरीनं चोरी केली. भाकरी तव्यावर करपून राह्यली अन् याडी नुसती पाहून राह्यली. तवा मले खरंच वाटलं का जावं अन् माफी लिहून द्यावं, संपवावं. तसं बोललोई.

"माह्या नावानं कोनी माफी लिवाची नाई," उज्ज्वला म्हणे. माह्या हातातून फोन घेतला. काकाले नाई, सरळ पोरालेच लावला. स्पीकरवर.

"राम राम. मी उज्ज्वला. आयकलं असन तुमी."

"हो. आयकलं."

"खरं हाय. तेल म्या लावलं, शेंदूरई म्याच लावला. माही शेवटची तीज होती. माफी मी लिवनार नाई. तुमाले चालत असन तं सांगा, नसन चालत तं आताच सांगा."

तिकडून पंख्याचा आवाज आला. मंग पोरगा म्हणे, "बाबाले विचारून सांगतो."

"इचारा," उज्ज्वला म्हणे. "तवरिक आमी ठाण्यात जाऊन येतो."